काळी वाळू आणि ट्रॉम्बेचे न्यूट्रॉन

पावसाळा ओसरला की जवळा बाजारच्या आसपास पूर्णेकडे धावणाऱ्या एखाद्या ओढ्याच्या वाळूतून लोहचुंबक फिरवून पाहावा. बघता बघता त्याला काळ्या, चकाकत्या कणांच्या मिशा फुटतात. जुन्या स्पीकरमधून काढलेला गोल चुंबक आणि ओढ्याची वाळू एवढ्या भांडवलावर मराठवाड्यातल्या पोरांच्या कितीतरी दुपारी गेल्या आहेत. हे कण येतात आपल्या काळ्या पाषाणातून. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हाचे थरावर थर पसरले आणि थिजले. त्या दगडात लोखंड, टायटॅनियम आणि ऑक्सिजन यांचे एक खनिज बारीक कणांच्या रूपात विखुरलेले असते. त्याचे नाव टायटॅनोमॅग्नेटाइट. दगड झिजून कपाशीची आणि हळदीची काळी जमीन झाली, आणि त्यातले हे जड कण पाण्याबरोबर वाहत येऊन ओढ्यांच्या वळणांवर साठले.

टायटॅनियमचा भाग क्षणभर बाजूला ठेवून शुद्ध मॅग्नेटाइटकडे पाहू. त्याच्या रेणुसूत्रात लोखंडाचे ३ अणू आणि ऑक्सिजनचे ४. लोखंडाचा प्रत्येक अणू हा स्वतः एक चिमुकला चुंबक आहे. अणूंच्या चुंबकत्वाचे माप बोर मॅग्नेटॉन या एककात करतात. त्या हिशेबाने दोन अणूंचे प्रत्येकी ५ आणि तिसऱ्याचे ४, अशी बेरीज १४ यायला हवी. प्रत्यक्ष मोजल्यावर येतात जेमतेम ४. म्हणजे पाचाच्या दोन अणूंपैकी एक उलट्या दिशेला तोंड करून उभा आहे आणि आपल्या जोडीदाराला पूर्ण निष्प्रभ करतो आहे. उरतात ते तिसऱ्याचे ४. चुंबकाला जो कण इतक्या ओढीने चिकटतो, त्याच्यातले लोखंडाचे एक तृतीयांश अणू उलट बाजूचे आहेत.

ही वजाबाकी कागदावर पटते. पण अणू खरोखरच तसे उभे आहेत, कोणता अणू कुठल्या जागी आणि कुठल्या दिशेला, हे कोणी पाहिले? ते पाहण्याचे साधन म्हणजे स्फटिकावर किरण सोडायचे आणि ते कोणत्या कोनांत किती विखुरतात ते मोजायचे. याला प्रकीर्णनाचे प्रयोग म्हणतात. औंढा नागनाथ तालुक्यातल्या वाचकासाठी हा विषय लिहावासा वाटला, त्याला कारण आहे. या तालुक्यात आज विज्ञान म्हटले की लायगो हे एकच नाव निघते. एप्रिल २०२३मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने २६०० कोटी रुपयांच्या या प्रकल्पाला मंजुरी दिली, त्याच वर्षी ११ मे रोजी पंतप्रधानांनी दिल्लीहून पायाभरणी केली, आणि चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांची वेधशाळा औंढ्याजवळ उभी राहणार म्हणून जवळा बाजारच्या चहाच्या टपरीवरही गुरुत्वीय लहरी हा शब्द पोहोचला. त्याचा आनंद मलाही आहे. परंतु ज्या विज्ञानाचा मराठवाड्याच्या प्रयोगशाळांशी गेली कित्येक वर्षे रोजचा संबंध आहे, ज्याची दारे आज, आत्ता उघडी आहेत, त्याचे नाव इथल्या पदवीच्या विद्यार्थ्यालाही माहीत नसते. लायगोच्या यंत्रात आरशावरून इकडेतिकडे विखुरलेला प्रकाश हा शत्रू असतो. मोजमाप गढूळ करतो म्हणून त्याला अडवावे लागते. प्रकीर्णनाच्या प्रयोगात मात्र विखुरलेल्या किरणातच सगळी बातमी असते.

* * *

क्ष-किरणांनी स्फटिकाची रचना उलगडते हे १९१२-१३पासून ठाऊक आहे. विल्यम हेन्री ब्रॅग यांनी १९१५मध्येच मॅग्नेटाइटच्या कुळाची, म्हणजे स्पिनेल रचनेची, मांडणी सांगितली. तिच्या एका घरात ऑक्सिजनचे ३२ अणू असतात. त्यांच्या मधल्या पोकळ्यांपैकी चार ऑक्सिजनांनी वेढलेल्या ८ जागांना ‘ए’ म्हणतात, सहा ऑक्सिजनांनी वेढलेल्या १६ जागांना ‘बी’. या घराची बाजू सुमारे ८.४ अँगस्ट्रॉम, म्हणजे मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाहूनही थोडी कमी. पण क्ष-किरण विखुरतात ते अणूभोवतीच्या इलेक्ट्रॉनांच्या विद्युतभारामुळे. अणूच्या चुंबकाचे तोंड वर आहे की खाली, याने त्यांना जवळजवळ काहीच फरक पडत नाही.

फरक पडतो तो न्यूट्रॉनला. १९३२मध्ये चॅडविक यांनी शोधलेल्या या कणावर विद्युतभार नाही, म्हणून तो इलेक्ट्रॉनांच्या गर्दीत न अडखळता सरळ अणुकेंद्रापर्यंत जातो. भार नसला तरी तो स्वतः एक छोटा चुंबक आहे, आणि अणूच्या चुंबकावरूनही विखुरतो. १९३६मध्ये फेलिक्स ब्लॉख यांनी ही शक्यता मांडली. आकड्यांतही निसर्गाने फार उदारपणा दाखवला आहे. लोखंडाच्या केंद्रावरून न्यूट्रॉन ज्या ताकदीने विखुरतो तिचे माप ९.४५ फेम्टोमीटर, आणि अणूतल्या प्रत्येक बोर मॅग्नेटॉनमागे चुंबकीय प्रकीर्णनाचे माप साधारण २.७. पाच मॅग्नेटॉनचा लोहअणू घेतला तर साडेतेरा! म्हणजे चुंबकाची खूण केंद्राच्या खुणेइतकीच ठळक. शिवाय अणुभट्टीत मंदावलेल्या न्यूट्रॉनचा वेग सेकंदाला सुमारे २२०० मीटर आणि तरंगलांबी १.८ अँगस्ट्रॉम, नेमकी स्फटिकातल्या अणूंमधल्या अंतराच्या तोडीची. असा कण कोणी मुद्दाम घडवायला बसले असते तरी इतका जुळवता आला नसता.

अमेरिकेत ओक रिजच्या अणुभट्टीवर क्लिफर्ड शल आणि सॅम्युअल स्मार्ट यांनी १९४९मध्ये मँगनीज ऑक्साइडची पूड न्यूट्रॉनच्या झोतात ठेवली. हा पदार्थ चुंबकाला चिकटत नाही. पण फ्रान्सच्या लुई नील यांनी १९३०च्या दशकातच म्हटले होते की, काही पदार्थांत शेजारशेजारचे अणुचुंबक आळीपाळीने उलटसुलट लागत असावेत आणि म्हणून त्यांची बेरीज शून्य येत असावी. शल यांनी खोलीच्या तापमानाला मोजले तेव्हा क्ष-किरणांना दिसतात त्याच जागी रेषा आल्या. नमुना ८० केल्विनपर्यंत, म्हणजे शून्याखाली १९३ अंश सेल्सियसपर्यंत, थंड केला आणि लहान कोनांवर नव्या रेषा उगवल्या. ४.४३ अँगस्ट्रॉमच्या घरात त्या बसेनात. घराची बाजू दुप्पट, ८.८५ धरली की चपखल बसल्या.

दुप्पट का, हे आपल्या शेतात उभे राहून कळते. सोयाबीनची एक ओळ आणि तुरीची एक ओळ असे आळीपाळीने पेरले आहे असे समजा. ज्याला फक्त ओळी दिसतात, पीक ओळखता येत नाही, तो म्हणेल की दर दीड फुटाला तीच रचना पुन्हा येते. ज्याला सोयाबीन आणि तूर वेगळी ओळखता येते, तो म्हणेल तीन फुटांना. क्ष-किरणांना नुसत्या ओळी दिसतात. न्यूट्रॉनला पीक दिसते.

नील यांची कल्पना त्या दिवशी सिद्ध झाली. बाहेरून ज्याची कसलीच खूण लागत नाही अशी शिस्त पदार्थाच्या पोटात असू शकते, हे माणसाला पहिल्यांदा दिसले. पाठोपाठ १९५१मध्ये शल, वोलन आणि केलर यांनी मॅग्नेटाइटही तपासले आणि ‘ए’ जागांवरचे अणू ‘बी’च्या उलट उभे असल्याची वजाबाकी खरी ठरली. नील यांना १९७०चे नोबेल मिळाले. त्या वेळच्या भाषणात ते म्हणाले होते की, असे शून्य बेरजेचे पदार्थ सिद्धांताच्या दृष्टीने फार रंजक आहेत, पण त्यांचा काही उपयोग दिसत नाही. पुढे संगणकाच्या हार्ड डिस्कमधल्या वाचकशीर्षात चुंबकाचा एक थर जागच्या जागी रोखून धरायला नेमका असाच पदार्थ लागला. शल यांना नोबेल मिळायला १९९४ साल उजाडले. सोबत कॅनडाचे बर्ट्रम ब्रॉकहाउस होते. वोलन तोवर हयात नव्हते.

* * *

ब्रॉकहाउस यांच्या नावाशी आपली गोष्ट जोडली जाते. विखुरताना न्यूट्रॉन थोडी ऊर्जा गमावतो किंवा कमावतो. ती मोजली तर स्फटिकातले अणू कसे थरथरतात ते कळते. त्यासाठीचे यंत्र ब्रॉकहाउस यांनी कॅनडातल्या चॉक रिव्हरला घडवले, आणि तिथे त्यांच्यासोबत जर्मेनियमच्या स्फटिकावर काम करून १९५७-५८मध्ये निबंध लिहिणारा तरुण होता पी. के. अय्यंगार. ते मुंबईतल्या अणुसंशोधन केंद्रात, ट्रॉम्बेला, परतले तेव्हा ४ ऑगस्ट १९५६ रोजी सुरू झालेली अप्सरा हीच काय ती भट्टी हाताशी होती, तीही अवघ्या एक मेगावॅटची. १९६०मध्ये ४० मेगावॅटची सायरस आली. परदेशातून तयार यंत्रे आणण्याऐवजी ट्रॉम्बेच्या मंडळींनी वर्णमापक, गणक, स्फटिक फिरवणारी चक्रे, सगळे इथल्याच कार्यशाळांत बनवले. पुढे इतके हात बसले की भारताकडून फिलिपाइन्सला न्यूट्रॉन वर्णमापक गेला आणि आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या मदतीने तिथल्या शास्त्रज्ञांचे प्रशिक्षण सुरू झाले. अय्यंगारांचे नाव लोकांना १९७४च्या पोखरण अणुचाचणीमुळे आठवते. माझ्या दृष्टीने त्यांचे हे दुसरे काम तेवढेच मोठे आहे: परीक्षेपुरते भौतिकशास्त्र शिकणाऱ्या देशात त्यांनी मोजणाऱ्यांची एक पिढी उभी केली.

त्या पिढीतला एक निबंध मराठवाड्याने आपला मानावा असा आहे. १९६९, ‘फिजिकल रिव्ह्यू’, खंड १८१. लेखक एन. एस. सत्यमूर्ती, एम. जी. नतेरा, एस. आय. युसेफ, आर. जे. बेगम आणि सी. एम. श्रीवास्तव. विषय झिंक-निकेल फेराइटमधले याफेट-किटेल कोन.

फेराइट म्हणजे आपल्या काळ्या वाळूच्याच कुळातले, पण भट्टीत घडवलेले पदार्थ. जुन्या ट्रान्झिस्टर रेडिओच्या अँटेनाची काळी कांडी, चार्जरच्या वायरवरचे फुगीर गाठोडे, स्पीकरचा चुंबक (त्याची रचना थोडी वेगळी), हे सगळे फेराइट. ते चुंबक आहेत, तरी वीज त्यांच्यातून सहजी वाहत नाही, म्हणून वेगाने उलटणाऱ्या प्रवाहातही तापून वाया जात नाहीत. निकेल फेराइटची चुंबकीय बेरीज साधी आहे: ‘ए’वर लोखंडाचे ५, ‘बी’वर लोखंडाचे ५ आणि निकेलचे २, वजाबाकी करून उरतात २. आता निकेलच्या जागी थोडे जस्त घाला. जस्त चुंबकीय नाही आणि त्याला ‘ए’ जागा आवडते. ते तिथे बसले की तिथले लोखंड ‘बी’कडे सरकते. विरोधी पक्ष दुबळा झाला, सत्ताधारी वाढले. म्हणून चुंबक नसलेले जस्त घातल्याने चुंबकत्व वाढते. निम्मे निकेल बदलले तर हिशेबाने बेरीज २वरून ६ व्हायला हवी, आणि पूर्ण बदलले तर १०. प्रत्यक्षात ती आधी वाढते, मग वाकते, मग कोसळते. पूर्ण झिंक फेराइट तर चुंबकाला चिकटतही नाही.

याफेट आणि किटेल यांनी १९५२मध्ये याचे कारण सुचवले होते. ‘बी’वरच्या अणूंचे आपसातही पटत नसते, ‘ए’च्या धाकामुळे ते एका दिशेला उभे असतात. ‘ए’ रिकामे होत गेले की धाक सुटतो आणि ‘बी’चे दोन गट एकमेकांपासून कलतात, त्यांच्यामध्ये कोन तयार होतो. ट्रॉम्बेच्या पाच जणांनी जस्ताचे प्रमाण बदलत नमुने केले, न्यूट्रॉनच्या झोतात ठेवले आणि जस्त वाढल्यावर हा कोन खरोखर तयार होतो हे दाखवले. नतेरा आले होते फिलिपाइन्सहून आणि युसेफ इजिप्तहून. श्रीवास्तव पवईच्या आयआयटीचे. फेराइटवर काम करणाऱ्या जगभरच्या लोकांना आजही हा निबंध उद्धृत करावा लागतो.

* * *

आता मराठवाड्यात येऊ. छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठात, नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात, आणि परभणी, हिंगोली, लातूर, बीडच्या महाविद्यालयांत भौतिकशास्त्रात पीएचडी करणाऱ्याला विषय काय, असे विचारा. फेराइट हे उत्तर मिळण्याची शक्यता फार मोठी. ही लाट उगाच आली नाही. अब्जावधींची यंत्रे नसलेल्या ठिकाणी हाच विषय हाती येण्यासारखा होता. लोह, निकेल, कोबाल्ट, जस्त यांची नायट्रेटे पाण्यात विरघळवायची, सायट्रिक आम्ल घालून हॉट प्लेटवर ढवळत बसायचे. द्रावण दाट होते, जेल बनते आणि मग एकाएकी आतून पेट घेते. चंचुपात्र भरून भुसभुशीत तपकिरी राख उरते. ती अ‍ॅगेटच्या खलात तासन्‌तास घोटायची, दाबयंत्रात गोळ्या पाडायच्या आणि मफल भट्टीत हजार अंशांच्या आसपास भाजायच्या. मध्येच वीज गेली तर तापमानाचा आलेख मोडतो आणि नमुना पुन्हा करावा लागतो. इथल्या पोरापोरींनी हे निगुतीने केले, निबंध छापले, नोकऱ्या मिळवल्या, महाविद्यालये चालवली. या कामाला ‘फेराइटचा कारखाना’ म्हणून नाक मुरडणारे लोक मला भेटले आहेत. मला त्यांचे पटत नाही. साधने नसताना हातातल्या साधनांत बसणारा विषय निवडणे याला मी शहाणपण म्हणतो.

खंत वेगळी आहे. गोळी भाजून झाली की ती एक्सआरडीला, म्हणजे क्ष-किरणांच्या यंत्रावर, जाते. आलेख येतो, साडेपस्तीस अंशांजवळ ठरलेली मोठी रेषा असते. मग रेषांच्या उंचीच्या गुणोत्तरांवरून कोणता अणू ‘ए’वर किती आणि ‘बी’वर किती, हे काढायचे. पण क्ष-किरणांना दिसतात इलेक्ट्रॉन. आणि लोखंडाचे इलेक्ट्रॉन २६, कोबाल्टचे २७, निकेलचे २८, जस्ताचे ३०. इतक्या जवळच्या आकड्यांतून, साध्या नळीच्या यंत्रावर, कोण कुठे बसला हे ठरवणे म्हणजे अंधूक उजेडात जुळ्यांची ओळखपरेड. न्यूट्रॉनचे माप इलेक्ट्रॉनांच्या संख्येवर चालत नाही. लोखंड ९.४५, कोबाल्ट २.४९, निकेल १०.३, जस्त ५.६८, आणि मँगनीज तर उणे ३.७३. कोबाल्ट फेराइटमध्ये कोबाल्ट कुठे बसला, हे न्यूट्रॉनला विचारले तर उत्तर स्पष्ट येते. शिवाय त्याच आलेखात प्रत्येक जागेवरचे चुंबकत्व किती, हेही वाचता येते.

याफेट-किटेल कोनाचे तसेच. आपल्या कित्येक प्रबंधांत हा कोन असतो, दोन दशांश स्थळांपर्यंत असतो. तो काढलेला असतो एकूण चुंबकत्वाच्या मोजमापावरून, सूत्रात आकडे घालून. बेरीज कमी आली म्हणजे कोन असणारच, हे आधी मानायचे आणि मग तो किती, ते काढायचे. पण बेरीज कमी येण्याची कारणे अनेक असतात. नॅनोकण असतील तर पृष्ठभागावरचे अणू भरकटलेले असतात. अणूंच्या जागा हिशेबाप्रमाणे भरलेल्या नसतात. नमुन्यात दुसरा एखादा पदार्थ मिसळलेला असतो. १९६९मध्ये ट्रॉम्बेने ज्याचा थेट शोध घेतला, तेच आज आपण गृहीत धरून पुढे जातो, आणि संदर्भयादीत त्या निबंधाचे नाव घालतो. याचा दोष एकट्या विद्यार्थ्याला देता येणार नाही. त्याच्या मार्गदर्शकालाही कोणी कधी झोतापाशी नेलेले नसते.

आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. एक्सआरडीचा आलेख संगणकावर बसवायला आपली मुले जी रीटवेल्ड पद्धत वापरतात, ती नेदरलँड्सच्या ह्यूगो रीटवेल्ड यांनी १९६०च्या दशकात घडवली ती न्यूट्रॉनच्या आलेखांसाठीच, आणि तिचा मुख्य निबंधही १९६९चाच आहे. म्हणजे हत्यार आपल्या हातात आहेच. ज्या कामासाठी ते घडले, ते काम तेवढे राहिले आहे.

* * *

चुंबकाबरोबर इलेक्ट्रॉनांचीही एक शिस्त असते, आणि तिथे क्ष-किरण पुन्हा मैदानात येतात. पुन्हा उदाहरण मॅग्नेटाइटचेच. १९३९मध्ये व्हर्वे यांनी दाखवले की सुमारे १२० केल्विनच्या खाली त्याची वीज वाहण्याची क्षमता एकाएकी शंभर पटींच्या घरात घसरते. ‘बी’ जागांवरचे इलेक्ट्रॉन वरच्या तापमानाला इकडून तिकडे जात असतात. थंडीत ते ठरावीक जागा धरून बसत असावेत, असे त्यांचे म्हणणे. कोणत्या जागा? हा प्रश्न सत्तर वर्षे भिजत पडला. कारण स्फटिक थंड होताना त्याच्या आत वेगवेगळ्या दिशांचे तुकडे पडतात आणि आलेख एकमेकांत मिसळतात. अखेर २०१२मध्ये सेन, राइट आणि अ‍ॅटफील्ड यांनी फ्रान्समधल्या ग्रेनोबलच्या सिंक्रोट्रॉनवर, म्हणजे इलेक्ट्रॉन गोल फिरवून प्रखर क्ष-किरण देणाऱ्या यंत्रावर, ४० मायक्रॉनचा, म्हणजे केसाहूनही बारीक असा कण निवडला आणि त्यातल्या अणूंच्या जागांचे अगदी सूक्ष्म सरकणे मोजले. इलेक्ट्रॉन एकेका अणूवर बसत नाहीत, ते एका ओळीतल्या तीन लोहअणूंवर पसरतात, असे दिसले. ओढ्यात पोरांनी उचललेल्या काळ्या कणाच्या सख्ख्या भावाचे हे गुपित उलगडायला एकविसावे शतक उजाडावे लागले.

सिंक्रोट्रॉनच्या क्ष-किरणांची ऊर्जा हवी तशी निवडता येते, हे त्यांचे खरे बळ. एखाद्या मूलद्रव्याला उत्तेजित करणारी नेमकी ऊर्जा निवडली की त्याच मूलद्रव्याचे इलेक्ट्रॉन उजळून बोलू लागतात. १९९८मध्ये जपानच्या फोटॉन फॅक्टरीत मुराकामी आणि सहकाऱ्यांनी याच युक्तीने मँगनीजच्या एका ऑक्साइडमध्ये इलेक्ट्रॉनांच्या कक्षांची आळीपाळीची मांडणी पाहिली. क्ष-किरणांना चुंबकत्व अगदीच दिसत नाही असेही नाही. १९७२मध्ये फ्रान्सच्या डी बर्झव्हँ आणि ब्रुनेल यांनी साध्या क्ष-किरण नळीवर, अफाट चिकाटीने, निकेल ऑक्साइडमधली चुंबकीय रेषा टिपली होती. ती मुख्य रेषेच्या कोट्यंशाच्या आसपासची क्षीण. असल्या चिकाटीविषयी वाचले की मला मराठवाड्यातले ते खल घोटणारे हात आठवतात.

आपल्याकडचा सिंक्रोट्रॉन इंदूरला आहे: राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रातले इंडस-२, २.५ अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्टचे, परिघाने १७२ मीटर. औंढ्याच्या लायगोचे एक भागीदार हेच केंद्र आहे. लायगोच्या निमित्ताने त्याचे नाव तालुक्यात ऐकू आले, तर तिथे अजून एक यंत्र आहे आणि ते विद्यापीठांसाठी खुले आहे, एवढे तरी सोबत ऐकू यावे.

* * *

ट्रॉम्बेत आज न्यूट्रॉन येतात ते ध्रुव भट्टीतून. १०० मेगावॅटची ही भट्टी ८ ऑगस्ट १९८५ रोजी सुरू झाली. तिच्या उभारणीत अनिल काकोडकरांचा मोठा वाटा होता. सुरुवातीला इंधनाच्या कांड्या थरथरू लागल्या, त्यावर उपाय शोधण्यात काळ गेला आणि पूर्ण क्षमता गाठायला १९८८ उजाडले. आतमध्ये दर चौरस सेंटिमीटरमधून सेकंदाला सुमारे १८० लाख कोटी न्यूट्रॉन जातात. भिंतीतल्या नळीतून, एका स्फटिकावर आपटून, एकच तरंगलांबी निवडून नमुन्यापर्यंत पोहोचतात ते लाखांच्या घरात. म्हणून न्यूट्रॉनच्या कामात घाई चालत नाही. एक आलेख भरायला कित्येक तास, कधी दिवस लागतात.

नमुना ठेवतात व्हॅनेडियमच्या पातळ डबीत, कारण व्हॅनेडियमचे केंद्र न्यूट्रॉनला रेषा पाडू देतच नाही म्हटले तरी चालेल. डबीची खूण आलेखात मिसळत नाही. शोधक नळ्या आणि पुडीचे विवर्तनमापक इथेच बनले. एस. के. परांजपे आणि वाय. डी. दांडे यांनी १९८९मध्ये, न्यूट्रॉन कुठे आदळला ती जागा सांगणाऱ्या शोधकाचे यंत्र मांडले. त्यामुळे एकेक कोन फिरवत बसण्याची गरज उरली नाही. एवढ्या महत्त्वाच्या कामाची मराठीत साधी नोंदही माझ्या पाहण्यात नाही, याचे वाईट वाटते.

बाहेरच्यांना या झोतापाशी नेणारी संस्था म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोग आणि अणुऊर्जा विभाग यांची संयुक्त संस्था, यूजीसी-डीएई सीएसआर. मुख्यालय इंदूरला, एक केंद्र मुंबईला. ध्रुवच्या दालनात पीडी-३ नावाचे पुडीचे विवर्तनमापक याच संस्थेचे आहे, वाकवलेल्या सिलिकॉन स्फटिकाने १.४८ अँगस्ट्रॉमचे न्यूट्रॉन नमुन्यावर एकवटणारे. महाविद्यालयातल्या शिक्षकानेही प्रस्ताव पाठवावा, तो तज्ज्ञांनी तपासावा, मान्य झाला तर झोताची वेळ मिळावी, अशी ही व्यवस्था. ती मुळात ज्यांच्या महाविद्यालयात मोठी यंत्रे नाहीत त्यांच्यासाठी उभी केली आहे. जवळा बाजारच्या मुलीला औंढ्याची वेधशाळा सुरू होईपर्यंत थांबायचे कारण नाही. परभणीहून देवगिरी एक्स्प्रेस रात्रीतून मुंबईला पोहोचते.

अडचणी आहेत, त्या खऱ्या आहेत. एक्सआरडीला चिमूटभर पूड पुरते, न्यूट्रॉनला काही ग्रॅम लागते. म्हणजे जेल पेटवण्याचा खटाटोप अनेकदा करून एकसारखा नमुना साठवावा लागतो. ट्रॉम्बेत प्रवेशासाठी कागदपत्रे आधी पाठवावी लागतात. भट्टी देखभालीसाठी बंद असते तेव्हा वाट पाहण्यावाचून गत्यंतर नसते. इंग्रजीतला प्रस्ताव लिहायला शिकवणारे कोणी जवळ नसते, आणि मला वाटते खरी अडचण ही शेवटचीच आहे. विद्यापीठांनी प्रबंधांच्या पानसंख्येऐवजी, मराठवाड्यातून दरवर्षी किती प्रस्ताव ध्रुव आणि इंडसकडे गेले हे मोजायला सुरुवात केली, तर चित्र लवकर पालटेल.

प्रस्तावात फार काही लिहायचे नसते. कोबाल्ट फेराइटमध्ये थोडे जस्त घातले आहे, समजा. एक प्रश्न पुरे: जस्त वाढते तसे कोबाल्ट ‘ए’वर जाते की ‘बी’वरच राहते, आणि ‘बी’चे अणुचुंबक कुठल्या प्रमाणापासून कलू लागतात? चार प्रमाणांचे चार नमुने, प्रत्येकी काही ग्रॅम. प्रत्येकाचा एक आलेख खोलीच्या तापमानाला, दुसरा थंड करून. सोबत आपल्याच महाविद्यालयातला एक्सआरडी आणि चुंबकत्वाचे मोजमाप जोडायचे, म्हणजे तपासणाऱ्याला कळते की पूड स्वच्छ आहे आणि झोताची वेळ वाया जाणार नाही. लहान कोनांवरच्या रेषा थंडीत किती वाढल्या, ते पाहिले की प्रत्येक जागेचे चुंबकत्व रीटवेल्डच्या हिशेबातून बाहेर येते. कोन सूत्रातून काढलेला आणि कोन न्यूट्रॉनने मोजलेला, असे दोन आकडे मग एकाच तक्त्यात शेजारी शेजारी लिहिता येतात. ते जुळले तरी तो निबंध होतो, आणि जुळले नाहीत तर अधिक चांगला होतो.